स्नायूतले पुंजके आणि बाबांचे स्टेरॉइड

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा नागपूरच्या मानेवाड्याचा मुलगा, वडील ६६ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. चार वर्षांपासून जिना उतरताना त्यांचा गुडघा अचानक दगा देतो, दोन-तीनदा पडून झालं. एका मोठ्या रुग्णालयात ‘पॉलिमायोसायटिस’ (स्नायूंच्या सुजेचा एक आजार) असं निदान झालं आणि स्टेरॉइड सुरू झाले. दोन वर्षांत सीपीके (स्नायू झिजले की रक्तात वाढणारं एन्झाइम) खाली आला, ताकद मात्र जातच राहिली. आता दुसऱ्या बायोप्सीचा रिपोर्ट म्हणतो ‘रिम्ड व्हॅक्युओल, इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस’, म्हणजे स्नायूतंतूंत किनार असलेल्या पोकळ्या आणि प्रथिनांचे पुंजके दिसणारा आजार. इंटरनेटवर कुणीतरी याला ‘स्नायूंचा अल्झायमर’ म्हटलेलं वाचून घर हादरलंय. मुलाला चार गोष्टी कळायला हव्यात: हे प्रथिनांचे पुंजके म्हणजे काय, ते विरघळवणारं औषध येतंय का, स्टेरॉइडचं काय करायचं, आणि हे आपल्याला, आपल्या मुलाबाळांना होणार का.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्नायूंच्या बायोप्सी वाचणं हेच आयुष्यभर काम. गोळ्या लिहून देणं माझ्याकडे नाही, ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचं. पण या आजारात पुंजक्यांवरून जो गोंधळ उडतो तो माझ्याच टेबलावरून सुरू होतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आधी घाईचं. स्टेरॉइड मनाने एका दिवसात बंद करू नका. दोन वर्षं बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं जवळजवळ थांबवतं, आणि गोळ्या एकदम तोडल्या तर रक्तदाब कोसळून माणूस आडवा होतो. डोस हळूहळू उतरवायचा असतो, आणि तो उतरवण्याबद्दल डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. इन्क्लूजन बॉडी मायोसायटिसमध्ये, थोडक्यात आयबीएममध्ये, स्टेरॉइडने ताकद परत येत नाही, हे जगभरात पुरेसं पाहून झालंय. उलट साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि लांब चालवलेले स्टेरॉइड मांडीचे स्नायू स्वतःच बारीक करतात. ज्या माणसाच्या मांड्या आधीच गेल्यात त्याला हा दुहेरी मार आहे. सीपीके खाली आला म्हणून औषध लागू पडतंय असं तुम्हाला सांगितलं गेलं असणार. स्टेरॉइडने सीपीके उतरतो, स्लाइडवरची सूजसुद्धा कमी दिसते, आणि तरी पाय जातच राहतात. या आजाराचं कोडं नेमकं इथे आहे.

आता निदान खरं कशावरून. स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवण्याआधी मी रुग्णाला बोलवून घेतो. तरुण सहकाऱ्यांना हे विचित्र वाटतं, पण मूठ पाहिल्याशिवाय स्नायू वाचायचा नाही असा माझा शिरस्ता आहे. बाबांना घट्ट मूठ वळायला सांगा. आयबीएममध्ये बोटांची टोकं तळव्यात घुसत नाहीत, नखं बाहेर दिसत राहतात. मग बोटाचं मधलं पेर धरून फक्त शेवटचं पेर वाकवायला सांगा. ते वाकत नाही, किंवा माझ्या करंगळीनेसुद्धा सरळ करता येतं. त्याच माणसाला खांदे उंचावायला सांगितलं तर खांदा भक्कम असतो. दोन्ही हात सारखे नसतात, बहुतेकदा एक बाजू जास्त उतरलेली असते. पॉलिमायोसायटिस असा वागत नाही. तो खांद्यात आणि कमरेत दोन्हीकडे साधारण सारखा उतरतो, आठवड्या-महिन्यांत उतरतो, आणि बोटांना सहसा सोडून देतो. आयबीएम वर्षानुवर्षं सरकत येतो. लोक म्हणतात, “पायात जोर नाही राह्यला जी, वय झालं आता.” घरचेही वयावरच ढकलतात. पुढे बादली निसटायला लागते, नळाची तोटी फिरत नाही, शर्टाची वरची गुंडी लागत नाही, तेव्हा कुठे डॉक्टरची आठवण होते. लक्षणं सुरू झाल्यापासून खरं निदान हाती यायला पाचेक वर्षं जाणं जगात सगळीकडे चालतं, नागपूरचंच दुर्दैव नाही. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर सुरू होणाऱ्या स्नायूंच्या सुजेच्या आजारांत हा वारंवार आढळणारा आहे, आणि बायकांपेक्षा पुरुषांत जास्त.

पहिल्या बायोप्सीने चुकीची वाट का दाखवली, याचं उत्तर बहुधा तुकड्याच्या प्रवासात असेल. स्नायूचा तुकडा काढला की ऑपरेशन थिएटरमधला माणूस सवयीने तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतो, कारण बाकी सगळे तुकडे तसेच जातात. फॉर्मॅलिन आणि मेणाच्या ब्लॉकमध्ये रिम्ड व्हॅक्युओलच्या काठावरचे दाणे धुऊन जातात. उरतं ते नुसतं भोक, आणि भोवती लिम्फोसाइट, म्हणजे सुजेच्या पांढऱ्या पेशी. वाचणाऱ्याने ‘सूज आहे, पॉलिमायोसायटिसशी सुसंगत’ असं लिहिलं तर त्याला दोष देणं अवघड आहे. खरी रीत वेगळी. तुकडा सलाइनने ओलसर केलेल्या, नीट पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, बंद डबीत ठेवायचा, डबी बर्फावर ठेवायची आणि लगेच प्रयोगशाळेत आणायची. तिथे तो द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये काही सेकंदांत गोठवायचा. गॉजमध्ये पाणी जास्त राहिलं, की गोठताना बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि स्नायूतंतूंना भोकं पाडतात. ती भोकं नवशिक्याला व्हॅक्युओलसारखीच दिसतात. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, धंतोलीच्या नर्सिंग होममधून तुकडा निघाला आणि मुलगा तो स्कूटरच्या डिकीत टाकून आधी दुसरं काम उरकायला गेला, तर त्या तुकड्यातून पुढे काहीही ठामपणे सांगता येत नाही. म्हणून बायोप्सीची तारीख ठरवतानाच विचारायचं: गोठवणार कोण, कुठे, किती वाजता? सर्जनला हा प्रश्न आगाऊपणाचा वाटला तर वाटू द्या.

नीट गोठवलेला काप मॉडिफाइड गोमोरी ट्रायक्रोमने रंगवला की निरोगी तंतू निळसर-हिरवे दिसतात. आयबीएमच्या तंतूत मधोमध किंवा कडेला चिरेसारखी पोकळी दिसते, आणि तिच्या काठाला लालसर दाण्यांची किनार. शेजारीच एखादा धडधाकट दिसणारा तंतू सीडी-८ टी-पेशींनी (रोगप्रतिकारशक्तीच्या हल्ला करणाऱ्या पेशींनी) वेढलेला असतो, काही पेशी त्याच्या पोटात शिरलेल्या असतात. आणखी थोडं सरकलं की सीओएक्स-एसडीएचच्या रंगात निळे राहिलेले तंतू दिसतात, म्हणजे त्यांचे मायटोकॉन्ड्रिया थकलेत. सूज, पुंजके आणि थकलेली ऊर्जा-यंत्रणा हे तिन्ही एकाच कापात, कधी कधी एकाच नजरेच्या टप्प्यात दिसतात. पन्नासहून अधिक वर्षांचा सगळा वाद यातलं आधी काय झालं, यावर आहे.

वादाची सुरुवात १९६७ मध्ये झाली. चाऊ नावाच्या संशोधकाने जुनाट ‘पॉलिमायोसायटिस’च्या एका रुग्णाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बारीक धाग्यांचे जुडगे पाहिले. ते मिक्सोव्हायरसच्या धाग्यांसारखे दिसत होते, म्हणून संशय विषाणूवर गेला. त्या काळी तो स्वाभाविकही होता, कारण रेबीजच्या मेंदूतले नेग्री बॉडी १९०३ पासून सगळ्यांना पाठ होते आणि पेशीत असा पुंजका दिसला की विषाणू शोधायचा ही रीत पडली होती. १९७१ मध्ये युनिस आणि समाहा यांनी आजाराला ‘इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस’ हे नाव दिलं. पुढे काही वर्षं गालगुंडाच्या विषाणूवर आरोप होत राहिला, पण स्नायूत त्याचा मागमूस शोधणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही.

मग १९९१ मध्ये मेंडेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हे धागे काँगो रेडने रंगतात, म्हणजे ते अमायलॉइडच्या, चिवट प्रथिन-धाग्यांच्या, जातीचे आहेत. लॉस एंजलिसला वॅलेरी अस्कानास आणि किंग एंगेल यांनी त्या तंतूंत बीटा-अमायलॉइड आणि फॉस्फरसचा गट जडलेलं टाऊ शोधून काढलं. ही दोन्ही अल्झायमरची प्रथिनं. तुम्ही वाचलेला ‘स्नायूंचा अल्झायमर’ जन्माला आला तो इथे. स्पष्ट सांगतो, या आजाराने स्मरणशक्ती जात नाही. बाबांना पेन्शनच्या तारखेपासून नातवाच्या शाळेच्या फीपर्यंत सगळं आठवतंय आणि पुढेही आठवेल. प्रथिनं सारखी सापडली म्हणून आजार सारखा ठरत नाही.

माझं मत विचाराल तर बीटा-अमायलॉइडची कथा जरा जास्तच ताणली गेली. बोस्टनचे स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी तिच्यावर कडक टीका केली आणि मला ती पटते. अँटिबॉडीच्या रंगात काहीतरी चमकलं, एवढ्यावरून तेच प्रथिन स्नायू मारतंय असं ठरत नाही. शिवाय पुंजका एकाच प्रथिनाचा नसतोच. आज रोजच्या कामात मी काँगो रेडपेक्षा पी-६२ वर जास्त भरवसा ठेवतो. टाकाऊ प्रथिनांना खुणेने ओळखून कचऱ्याच्या वाटेला लावणारं हे प्रथिन. ती वाट तुंबली की पी-६२ स्वतःच साठतं आणि काप उजळतो. हाच रंग मी दारूने खराब झालेल्या यकृतावर टाकतो तेव्हा मॅलरी बॉडी हे तिथले पुंजकेही उजळतात, आणि त्यांचा स्नायूशी काडीचा संबंध नाही. पी-६२ एवढंच सांगतं, की इथे सफाई अडली आहे. कशामुळे, ते नाही.

याहून महत्त्वाचं काम टीडीपी-४३ या प्रथिनाभोवती झालं. २००६ मध्ये फिलाडेल्फियाच्या गटाने एएलएस (हालचालीच्या चेतापेशी मारणारा आजार) आणि एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशाच्या पुंजक्यांतलं मुख्य प्रथिन म्हणून ते ओळखलं. दोनच वर्षांत आयबीएमच्या स्नायूतही ते सापडलं. टीडीपी-४३ ची नेमणूक केंद्रकात असते. जनुकाची नक्कल झालेला आरएनए वाचनाआधी कापून-जोडून नीट केला जातो, त्यात चुकीचे तुकडे घुसू न देणं हे त्याचं काम. आयबीएमच्या तंतूंत ते केंद्रकातून नाहीसं होतं आणि बाहेर पेशीद्रवात जमा होतं.

इतवारीतल्या पेढीचा मुनीम गादी सोडून बाहेर ओट्यावर जाऊन बसला, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ओट्यावरची गर्दीच दिसते. पेढी बुडते ती मात्र आत खातेवही कुणी लिहीत नाही म्हणून. आम्ही पॅथॉलॉजिस्ट वर्षानुवर्षं ओट्यावरची गर्दी मोजत राहिलो, कारण रंग लागतो तो जमलेल्याला. नसलेल्याला कुठला रंग लावणार?

खातेवही रिकामी राहते याचा पुरावा २०१५ नंतर मिळायला लागला. टीडीपी-४३ केंद्रकात नसेल तर आरएनएमध्ये ‘क्रिप्टिक एक्झॉन’ घुसतात, म्हणजे एरवी गाळून टाकलेले, निरर्थक तुकडे. मग त्या जनुकाचं प्रथिन नीट बनत नाही. आयबीएमच्या स्नायूंत हे क्रिप्टिक एक्झॉन सापडले. म्हणजे टीडीपी-४३ बाहेर दिसतं एवढंच नाही, त्याचं आतलं काम खरोखरच थांबलंय.

पुंजका स्वतः किती विषारी आहे, यावर एक प्रयोग मला नेहमी आठवतो. तो स्नायूचा नाही, हंटिंग्टनच्या, म्हणजे मेंदूच्या एका आनुवंशिक आजाराचा आहे. २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्हन फिंकबायनर यांच्या प्रयोगशाळेने काचपात्रातल्या एकेका चेतापेशीवर दिवसेंदिवस कॅमेरा रोखून ठेवला. सदोष हंटिंग्टिन बनवणाऱ्या पेशींपैकी ज्यांत पुंजका तयार झाला त्या जास्त जगल्या. ज्यांत प्रथिन सुटंच फिरत राहिलं त्या आधी मेल्या. म्हणजे पुंजका हा पेशीने केलेला बंदोबस्तही असू शकतो. एका आजारातलं सत्य दुसऱ्याला जसंच्या तसं लागू होत नाही हे मान्य. पण ‘पुंजके विरघळवणारं औषध’ ही तुमची अपेक्षा ऐकली की मला हा प्रयोग आठवतो. पुंजके विरघळले आणि टीडीपी-४३ आत परतलंच नाही, तर बाबांच्या पायाला त्याचा उपयोग काय?

दुसरी बाजूही तेवढीच भक्कम आहे, ती सांगितल्याशिवाय चालणार नाही. ग्रीनबर्ग यांचं म्हणणं असं, की खरा हल्लेखोर टी-पेशी आहेत, पण साध्या नव्हेत. वर्षानुवर्षं एकाच लक्ष्यावर लढून मुरलेल्या, स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या या पेशी. त्यांच्या अंगावर केएलआरजी-१ ही खूण असते. २०१६ मध्ये त्यांच्या गटाने तपासलेल्या निम्म्याहून अधिक आयबीएम रुग्णांच्या रक्तात अशा मोठ्या, दाणेदार लिम्फोसाइटची असामान्य वाढ आढळली. स्टेरॉइड का चालत नाहीत याचं हे मला पटणारं उत्तर आहे: सूज खोटी नाही, ती घडवणाऱ्या पेशी औषधाला बधत नाहीत. २०१३ मध्ये दोन गटांनी सीएन-१ए या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी शोधली, तीही रोगप्रतिकारशक्तीकडेच बोट दाखवते. ही रक्ततपासणी आता भारतातही लिहून दिली जाते. पॉझिटिव्ह आली तर निदानाला आधार मिळतो, निगेटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण बऱ्याच खऱ्या रुग्णांत ती निगेटिव्हच असते. शिवाय जोग्रेन आणि ल्युपस या रोगप्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या आजारांच्या काही रुग्णांतही ती सापडते. मूठ आणि मांडी स्पष्ट सांगत असतील तर मी तिच्यासाठी आग्रह धरत नाही.

दोन्ही बाजूंना समोरासमोर आणणारा प्रयोग जॉन्स हॉपकिन्समध्ये झाला आणि २०२२ मध्ये छापून आला. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या पायात त्यांनी आयबीएम रुग्णांच्या बायोप्सीतला स्नायूचा तुकडा बसवला. जुने तंतू मरतात, पण माणसाच्या मूळपेशींपासून त्याच जागी नवे तंतू उगवतात, आणि तुकड्याबरोबर आलेल्या टी-पेशीही तिथे वाढतात. काही महिन्यांत या नव्या तंतूंत आयबीएमची चिन्हं उतरली: सूज, रिम्ड व्हॅक्युओल, टीडीपी-४३ चं बिघडलेलं काम. मग अँटिबॉडी देऊन टी-पेशी काढून टाकल्या. सूज ओसरली. व्हॅक्युओल राहिले आणि क्रिप्टिक एक्झॉनही राहिले.

यातून ‘सूज निर्दोष’ असा निष्कर्ष काढणारे आहेत, मी त्यांच्यात नाही. ठिणगी टी-पेशींनी टाकली आणि पुढे आग स्वतःच्या बळावर चालली, असंही असू शकतं. पण एक गोष्ट यातून पक्की होते: आजार मुरल्यावर नुसती सूज शमवून टीडीपी-४३ आपोआप जागेवर येत नाही. तुमच्या बाबांच्या दोन वर्षांच्या स्टेरॉइडचा हिशेब याच वाक्यात आहे.

औषधांच्या चाचण्यांकडे याच नजरेने पाहा. बिमाग्रुमॅब स्नायू वाढवणारं औषध होतं. २५१ रुग्णांवरच्या चाचणीत स्नायूंचं वस्तुमान वाढलं, पण सहा मिनिटांत चालता येणारं अंतर वाढलं नाही. मांस वाढलं, कामाला आलं नाही. अॅरिमोक्लोमॉल पेशीची प्रथिनं सरळ घडी घालणारी यंत्रणा जोमात आणतं. वीस महिन्यांच्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये छापला गेला आणि प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, फायदा दिसला नाही. पुंजक्यांवर थेट नेम धरणाऱ्यांना तो मोठा धक्का होता. सिरोलिमसची फ्रान्समधली छोटी चाचणी मुख्य कसोटीवर, म्हणजे मांडीच्या ताकदीवर, नापास झाली. पण चालण्याचं अंतर आणि श्वासाची क्षमता यांत औषध घेणारे कमी घसरले, म्हणून मोठी चाचणी हाती घेतली गेली. सिरोलिमस टी-पेशींना आवरतं आणि पेशीतली सफाईही वाढवतं, दोन्ही बाजूंना थोडं थोडं. मला त्यात रस आहे तो याचमुळे. केएलआरजी-१ वाल्या पेशींना वेचून काढणाऱ्या उलविप्रुबार्टचीही मोठी प्लासिबो चाचणी हाती घेतली गेली, ती बोस्टनच्या मताची खरी परीक्षा.

आता कृपा करून हे वाचून सिरोलिमसची गोळी मेडिकलमधून आणू नका. किडनी बदललेल्या रुग्णांसाठी ती आपल्याकडे मिळते हे मला माहीत आहे, आणि मिळते म्हणूनच सांगतोय. तोंडात फोड येतात, चरबी वाढते, जंतुसंसर्ग होतो. आपल्याकडे दबून बसलेला टीबी वर काढायला असलं औषध पुरतं.

मुलाबाळांचा प्रश्न. बाबांचं चित्र नेहमीच्या आयबीएमचं आहे, आणि तो वडिलांकडून मुलाकडे जात नाही. काही एचएलए प्रकार (रोगप्रतिकारशक्तीच्या आनुवंशिक खुणा) असलेल्यांना धोका थोडा जास्त असतो, पण त्यासाठी कुणाची तपासणी करायची गरज नाही. गोंधळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या आनुवंशिक आजारांमुळे, आणि भारतात तो लक्षात ठेवावाच लागतो. जीएनई मायोपॅथीतही रिम्ड व्हॅक्युओल दिसतात, पण तो विशी-तिशीत सुरू होतो, आधी पाऊल पडतं, चप्पल निसटते, आणि मांडीचा पुढचा स्नायू मात्र नवलाने वाचतो. म्हणजे आयबीएमच्या जवळजवळ उलट. भारतीय रुग्णांत जीएनई जनुकातला व्ही-७२७-एम हा एकच बदल पुन्हा पुन्हा सापडतो. तो पिढ्यांमागच्या कुणा एका पूर्वजाकडून आलाय. आई-वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार होतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो. गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याकडून येणारा तिशीतला रुग्ण ‘इन्क्लूजन बॉडी’ लिहिलेला रिपोर्ट घेऊन समोर बसला, की मी आधी त्याची चप्पल पाहतो आणि जीएनईची तपासणी सुचवतो. त्याला स्टेरॉइड दिले तर निव्वळ नुकसान. तिसरा प्रकार व्हीसीपी जनुकाचा: एकाच घराण्यात कुणाला स्नायूंचा आजार, कुणाला हाडं वेडीवाकडी करणारा पॅजेटचा आजार, कुणाला लवकर स्मृतिभ्रंश. २००४ मध्ये हे जनुक सापडलं. बाबांच्या भावंडांत असं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टला आवर्जून सांगा. नसेल तर हा विषय इथेच सोडा.

घरी करायच्या गोष्टींत गिळणं सगळ्यात आधी. निम्म्याच्या आसपास रुग्णांना कधी ना कधी घास अडकतो, आणि माणसं सांगत नाहीत, फक्त पंगतीला बसणं टाळतात. कोरडी भाकर, सुका भात, पोहे अडकतात. तर्री घातलेले पोहे चालतात आणि साधे चालत नाहीत, असं बाबा म्हणाले तर ती नागपुरी चव नाही, लक्षण आहे. घास लहान, हनुवटी खाली, जेवताना बोलणं नाही. पाण्याने ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी लगेच करून घ्या, कारण फुप्फुसात अन्न जाऊन होणारा न्यूमोनिया हा या आजारातला खरा घातक भाग आहे. घशातल्या आवळणाऱ्या स्नायूवर कान-नाक-घसा सर्जन उपाय करू शकतात. उन्हाळ्यात ठसक्याच्या भीतीने पाणी तोडणारे म्हातारे मी पाहिलेत. त्यांना दही, कलिंगड, घट्टसर आंबील द्या.

बाकी: व्यायाम बंद करू नका, दमवणारा करू नका. जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालचा बेताचा व्यायाम सुरक्षित आहे. खुर्ची आणि पलंग उंच करा, संडास पाश्चात्त्य पद्धतीचा आणि दांडा दोन्ही बाजूंना. जिना उतरताना कठड्यावर हात ठेवलाच पाहिजे, कारण पडणं चढताना नाही, उतरताना होतं. आयुष्य सहसा फार घटत नाही, पण दहा-पंधरा वर्षांत अनेकांना चाकाची खुर्ची लागते. घराची दारं त्या हिशेबाने आत्ताच मोजून ठेवा. हालचालीच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी युडीआयडीचा (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज करून टाका. ताकद आहे तोवर कागद गोळा करणं सोपं जातं.

स्टेम सेलच्या जाहिराती तुम्हाला आल्याच असतील, नसतील तर येतील. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा उपचार म्हणून विकायचा नाही. चाचणी म्हणून करायचा असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदलेली हवी. भारतात होणाऱ्या औषधचाचणीची तिथे नोंद २००९ पासून सक्तीची आहे आणि नोंदवही कुणालाही उघडून पाहता येते. नोंदणी क्रमांक मागा. आणि चाचणीत सामील व्हायला कुणी लाखांत पैसे मागितले, की ती चाचणी नाही, दुकान आहे.

शेवटी माझ्या खात्यातलं एक काम. दुसरी बायोप्सी जिथे वाचली गेली तिथे विचारा, की गोठवलेला तुकडा उरलाय का, आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवतील का. सहसा ठेवतात, पण कुणी विचारलं नाही तर जागेअभावी काही वर्षांत काढूनही टाकतात. उद्या टीडीपी-४३ ची किंवा जनुकाची तपासणी लागली तर बाबांना पुन्हा सुरी लावावी लागणार नाही. पहिल्या रुग्णालयातला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, तो रुग्णाच्या वतीने मागता येतो. पी-६२ चा रंग मेणाच्या कापावरही चांगला लागतो. चार वर्षांच्या रिपोर्टांची फाइल, दोन्ही स्लाइड आणि स्टेरॉइडच्या डोसची तारीखवार यादी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. सोबत बाबांना न्याच, नुसते कागद पाठवू नका. मूठ त्यांना पाहायची आहे.